‘ब’ कावीळ : रोग टाळू या, रोगी नव्हे

आपल्या वस्तीत कोणाला कावीळ झाली की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. माळ घालून कावीळ उतरवून घ्यायची आणि रोग्याचे ताट, वाटी, पेला वेगळा काढायचा. ‘ब’ प्रकारच्या काविळीत, म्हणजे हिपॅटायटिस बी या रोगात, या दोन्ही गोष्टींचा काडीमात्र उपयोग होत नाही.

दूषित पाण्यातून व अन्नातून पसरते ती ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ. ‘ब’ काविळीचा विषाणू रक्तातून व शरीरातील इतर स्रावांतून पसरतो. त्याचे मुख्य मार्ग असे :

१) बाधित मातेकडून प्रसूतीच्या वेळी बाळाला.
२) दुसऱ्याला वापरलेली इंजेक्शनची सुई व सिरिंज, किंवा न तपासलेले रक्त.
३) निरोधशिवाय केलेला शरीरसंबंध.
४) एकमेकांचा वस्तरा, ब्लेड, दात घासण्याचा ब्रश, गोंदण्याची सुई.

हा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून वाळलेले रक्तही धोक्याचे. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे या रोगाची मोठी साथ आली व अनेकांचे प्राण गेले. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरणे हे त्याचे कारण होते.

मात्र एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, हात हातात घेतल्याने किंवा खोकल्याने हा रोग होत नाही. वेगळ्या पेल्याचे दुःख काय असते हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. मग तोच पेला आपण आपल्याच घरातील आजारी माणसापुढे का ठेवावा?

या रोगात पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने राहतो आणि पुढे यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरांपैकी पाचांहून कमी जणांत तो कायम ठाण मांडतो. जन्मतः लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद बालकांत. म्हणून बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली लस मिळालीच पाहिजे. पुढे ६, १० व १४ व्या आठवड्यात पंचगुणी लसीतून ती पुन्हा दिली जाते. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. प्रत्येक गरोदर भगिनीने रक्त तपासून घ्यावे. दोष आढळल्यास बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही देतात. अशा मातेने बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नाही.

लस न घेतलेल्या मोठ्यांनी, विशेषतः नर्सिंग व प्रयोगशाळेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि सफाई कामगार बांधवांनी, तीन डोस घ्यावेत : आज, एक महिन्याने व सहा महिन्यांनी. ज्यांना लागण झाली आहे त्यांनी दारू वर्ज्य करावी, रक्तदान करू नये, नियमित तपासणी करावी. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात औषधेही मोफत मिळतात.

बंधु-भगिनींनो, इंजेक्शन घेताना नवी सुई आपल्यासमोर फोडायला सांगू या, न्हाव्याकडे नवे ब्लेड मागू या आणि आजाऱ्याला आपल्याच पंक्तीत जेवायला बसवू या.