शाळेतला व्हिडिओ: गुरुजींना साथ कशी द्यायची?



गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज, हप्ता यांवर तासभर बोलतो. शाळेचा विषय निघाला, की मात्र “ते गुरुजी बघतील” म्हणून उठतो. या वेळचा धडा त्याच कामाचा आहे. गावच्या शाळेतल्या शिक्षकांना मुलांकडून छोटे व्हिडिओ करून घ्यायला आपण कशी मदत करायची, ते बघू.

तुम्ही म्हणाल, पोरं फोन दिवसभर बघतातच, शाळेत अजून कशाला? पण बघणं वेगळं आणि बनवणं वेगळं. दुसऱ्याचा व्हिडिओ बघताना पोर नुसतं बसून राहतं. स्वतः बनवायचा, तर त्याला विचारावं लागतं, मोजावं लागतं, क्रम लावावा लागतो आणि चार माणसांना कळेल असं बोलावं लागतं. सुरगाणा, पेठ भागात घरी वेगळी बोली बोलणारं लेकरू वर्गात गप्प असतं. त्याला येत नाही असं नाही, त्याला शब्दांची भीती वाटते. तेच लेकरू आजीला नागलीबद्दल विचारायला लागलं, की थांबत नाही. गप्प बसलेली पोरं हळूहळू शाळेपासून तुटतात. म्हणून हा विषय आपला आहे.

आपल्याच जिल्ह्यातला पहिला धडा

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. जन्म 1870 चा. 1912 मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त दिवस त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात बियाचं रोप झालेलं दिसलं. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या चित्रपटाचं नाव. तो बघून सावकाराचा विश्वास बसला, पैसा उभा राहिला आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवायला दिले. कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामंही त्या शिकल्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. कॅमेऱ्याचं काम बाईमाणसाचं नाही, असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

अजून एक सांगा. इला भट्ट यांनी अहमदाबादला उभ्या केलेल्या ‘सेवा’ संघटनेतल्या कष्टकरी बायका 1984 मध्ये व्हिडिओ शिकल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी कॅमेरा चालवला.

शिकवायचं, पण हातात घ्यायचं नाही

गटाची पुस्तकं लिहायला आपण कशा शिकलो, आठवा. सखीने स्वतःच लिहून दिली असती, तर आजही आपण तिची वाट बघत बसलो असतो. इथंही तसंच. शिक्षकांना विषय आपल्यापेक्षा जास्त कळतो. फोनवर हात बसलेला नसतो, आणि पोरांसमोर चुकायची लाज वाटते. म्हणून:

1. पहिल्यांदा शाळा सुटल्यावर बसा, पोरांसमोर नको. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही तोंडाने सांगा.

2. सुरुवात फोनपासून करू नका. विचारा, “सर, या महिन्यात पोरांना कोणता धडा जड जातोय?” जो जड जातो, त्याचाच व्हिडिओ. नाहीतर ते जादा काम होतं आणि दोन आठवड्यांत बंद पडतं.

3. पहिल्या वेळी तुम्ही दाखवा. दुसऱ्या वेळी दोघांनी मिळून करा. तिसऱ्या वेळी शिक्षक करतील, तुम्ही मागच्या बाकावर बसा.

4. झाल्यावर चुका मोजू नका. एवढंच विचारा: काय चांगलं झालं? कुठं अडलं? पुढच्या वेळी काय बदलायचं?

पहिला प्रकल्प: दोन ग्लास हरभरा

फाळक्यांचाच प्रयोग सोपा करून घेऊ. दोन ग्लासांत माती आणि भिजवलेला हरभरा. एक ग्लास उजेडात, दुसरा कपाटात बंद. दहा दिवस रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून दोन्हींचा एकेक फोटो. कोंब वर आला, की रोज पट्टीने उंची मोजायची आणि वहीत लिहायची.

अंधारातलं रोप जास्त उंच होतं, पण पिवळं आणि लुकडं असतं. इथं शिक्षकांनी लगेच उत्तर द्यायचं नाही. पोरांनाच विचारायचं, “उंच झालं म्हणजे चांगलं वाढलं का?” खरा धडा इथं आहे.

पाच-पाच पोरांचे गट करा. एक मोजेल, एक लिहील, एक फोटो काढेल, एक बोलेल, एक सगळ्यांवर लक्ष ठेवील. कामं रोज बदलायची. शेवटी फोटो ओळीने लावून त्यावर पोरांचा आवाज भरायचा. दोन मिनिटांच्या वर नको. चांगल्या दर्जाच्या एका मिनिटाला साधारण 100 एमबी जागा लागते, म्हणून आधी फोनमधली जागा बघा.

बोलणाऱ्याच्या पाठीमागे ऊन नको, तोंडावर उजेड हवा. पंखा बंद करा. फोन आडवा धरा आणि बोलणाऱ्यापासून दोन हातांवर ठेवा. आधी कागदावर सहा चौकटी आखून कशात काय दिसेल ते काढा, मगच फोन उचला.

दुसरा प्रकल्प: चाळीतला कांदा

निफाड, चांदवड, येवल्याच्या पोरांना हे घरचंच. उन्हाळी कांद्याचे दहा किलो वेगळे काढा, दर आठवड्याला वजन करा, सडलेले बाजूला काढून मोजा. घट किती टक्के झाली, हे पोरं काढतील. मग आईला, आजीला विचारतील, “कांदा का सडतो? चाळीला खालून हवा का लागते?” गणित झालं, विज्ञान झालं. आणि आपल्याला जे येतं ते शिकण्यासारखं आहे, हे लेकराला कळलं.

गुण देताना गाणं आणि रंगीत चमक बघायची नाही. माहिती खरी आहे का, आकडे वहीशी जुळतात का, सगळ्यांनी काम केलं का, एवढंच बघायचं.

तीन गोष्टी सोडायच्या नाहीत

पहिली, पालकांची लेखी परवानगी. दुसरी, व्हिडिओ वर्गात आणि पालकसभेत दाखवायचा. पोरांचे चेहरे, नावं कोणाच्या स्टेटसला जाता कामा नयेत. पोरींच्या बाबतीत तर अजिबात नाही. तिसरी, फोन पोरींच्या हातात आला पाहिजे. नुसतं सांगून होत नाही. पोरं फोन पटकावतात आणि पोरी वही धरून उभ्या राहतात. म्हणून पाळी लिहून भिंतीला लावा.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. आपल्या गटातली कोण त्यात आहे, ते बघा. तिने समितीच्या बैठकीत हा विषय मांडावा. फोनवर हात बसलेल्या दोन ताया निवडा. शिक्षकांना सवडीचा वार विचारा. “आम्ही शिकवायला आलो” म्हणू नका. “सर, आम्ही मदतीला आलोय, तुम्ही सांगाल तो धडा घेऊ,” असं म्हणा.

आणि हरभरा घरूनच न्या. दोन मुठी पुरतो.