उकिरडा वेस कोणाच्या वाट्याला?

प्रश्न : आमच्या मंडळीच्या तरुण संघानं यंदा वस्तीसाठी काहीतरी काम करायचं ठरवलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, आधी नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा. वाचला. नुसती नावं! अमक्यानं इतका कोट बांधला, त्याच्या पलीकडे तमक्यानं. यातून आम्ही काय घ्यायचं?
— एक वाचक

उत्तर : हा अध्याय रोजगार हमीच्या मस्टरसारखा आहे, हे कबूल. पण मस्टर वाचायचीही एक रीत असते. कोण हजर होतं, कोणाला कुठला तुकडा मिळाला आणि कोण फिरकलंच नाही, ते बघायचं.

काळ इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमाराचा. यरुशलेमचा कोट पडलेला, वेशी जळालेल्या. इराणच्या राजाला द्राक्षारस देणारा नहेम्या राजाची परवानगी काढून तिथं आला. आता हजेरी बघा. पहिलंच नाव मुख्य याजकाचं. पुढे सोनार आहेत, गांधी म्हणजे अत्तरवाले आहेत, व्यापारी आहेत. बाराव्या वचनात शल्लूम नावाचा अधिकारी चक्क आपल्या मुलींना घेऊन कामावर आला आहे. यातल्या किती जणांनी त्याआधी हातात थापी धरली असेल? पाचव्या वचनात गैरहजेरीही लागली आहे : तकोवाच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही. त्याच तकोवाच्या साध्या माणसांनी मात्र आपला तुकडा संपवला आणि सत्ताविसाव्या वचनात दुसराही अंगावर घेतला. तुमच्या मंडळीतले असे दोन्ही प्रकारचे तकोवाकर कोण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

मी दर वेळी थांबतो तो उकिरडा वेशीपाशी. शहराची घाण बाहेर जायची ती ही वाट. ती दुरुस्त केली मल्कीयानं, आणि तो एका विभागाचा अधिकारी होता. आपल्याकडे हा तुकडा कोणत्या वस्तीकडे ढकलला गेला असता, ते सांगायला नको.

अध्यायभर आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. यदायानं आपल्या घरासमोरचा भाग बांधला, बन्यामीन आणि हश्शूब यांनीही घरासमोरचाच, याजकांनीही तसंच. मशुल्लामनं आपल्या खोलीसमोरचा बांधला. बिचाऱ्याला घर नसावं. स्वतःच्या दारासमोरची भिंत कोणी कच्ची बांधत नाही. तेव्हा पंचवीस किलोमीटरवरचं गाव दत्तक घेण्याआधी, संघातली मुलं ज्या गल्लीत राहतात तिथलं गटार कुठे तुंबतं ते बघा.

आणि बघा म्हणजे खरोखर बघा. यासाठी दुसरा अध्यायही वाचावा लागेल. यरुशलेमला पोचून तीन दिवस झाल्यावर नहेम्या रात्री उठला, मोजकी माणसं बरोबर घेतली, मनात काय आहे ते कोणाला सांगितलं नाही, आणि एकाच जनावरावर बसून कोट तपासत फिरला. एका ठिकाणी तर जनावराला पुढे जायला वाटच उरली नव्हती. सभा त्यानं त्यानंतर घेतली. आपण आधी बॅनर छापतो.

आधी बघून मग कामाला लागण्याचं आपल्याकडचं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तिथं आरोग्याचं काम करायला आलं. लोकांना मात्र दवाखान्याच्या आधी पाणी आणि अन्न हवं होतं. दोघांनी ते ऐकून घेतलं आणि दुष्काळात विंधन विहिरींचं काम हाती घेतलं. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पाचवा अध्यायही सोडू नका. कोट अर्धामुर्धा झालेला असताना गरिबांनी ओरड केली : धान्यासाठी आमची शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, पोरं दास्यात गेली. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्यानं त्यांना भर सभेत फैलावर घेतलं आणि गहाण पडलेलं परत करायला लावलं. वस्तीत काम करू लागलात की कधीतरी तुमच्याही कानावर अशी तक्रार येईल, आणि ज्याच्याबद्दल ती असेल तो उपासनेला पहिल्या बाकावर बसत असेल. त्या दिवशी काय करायचं, हे संघानं आधीच बोलून ठेवावं.

कोट बावन्न दिवसांत पुरा झाला. मला नहेम्या सगळाच पटतो असं मात्र नाही. शोमरोनच्या सनबल्लटाला त्यानं वेशीबाहेर ठेवलं. तो कोटाच्या कामाचा विरोधकच होता, ते एक समजू शकतं. पण शेवटच्या अध्यायात परजातीत लग्न केलेल्यांचे तो केस उपटतो. भिंत बांधणाऱ्याला बाहेरचा माणूस दिसेनासा होतो तो असा. म्हणून लूकचा दहावा अध्याय जोडीला ठेवा. तिथं जखमी वाटसरूला उचलणारा माणूस नेमका शोमरोनीच आहे. तो तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, उतारशाळेच्या मालकाला दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे देतो, आणि वर सांगतो की जास्त खर्च झाला तर परतताना भागवीन. म्हणजे तो परत येणार होता.

पहिल्या रविवारी गटार उपसायला सगळे येतील, फोटोही निघतील. मस्टर दुसऱ्या रविवारपासून भरा. आणि उकिरडा वेशीसमोर आधी संघाच्या अध्यक्षांचं नाव घाला.