परदेशस्थ रुग्णाचा सद्योव्रण : दूरध्वनीवरील सल्ला

निलंगा, औसा, उदगीर या परिसरातील अनेक तरुण गवंडी, सुतार, चालक म्हणून दुबई, सौदी अरेबिया, कतार येथे जातात. तेथे बोट चेचले वा पायात खिळा गेला, की दूरध्वनी प्रथम घरी येतो आणि घरची मंडळी आमच्याकडे येऊन विचारतात, 'एखादी पुडी पाठवता येईल का?' रोज बुडेल, मुकादम परत पाठवील, या धास्तीने रुग्ण तेथील दवाखान्याची पायरी चढलेला नसतो. अशा वेळी वैद्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सद्योव्रणाचे छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित व घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. दूरध्वनीवर बोलताना हाच क्रम मनात ठेवून प्रश्न विचारावेत, असा आमचा अनुभव आहे. पिच्चित व घृष्ट व्रणांत रक्तस्राव अल्प असतो, म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो. परंतु रक्त बाहेर न पडल्यामुळेच तेथे दाह व पाक होतो, हे आचार्यांनी स्पष्ट केले आहे. पिच्चितात अस्थीही चुरडलेली असू शकते, त्यामुळे क्ष-किरण तपासणीवाचून निर्णय देऊ नये. विद्ध व्रणाचे मुख लहान व खोली अधिक. भ्रमणध्वनीवर आलेल्या छायाचित्रात ती खोली दिसत नाही. हळद-चुना भरून असे मुख बंद करण्याची आपल्याकडील रीत तर सर्वांत घातक, कारण धनुर्वाताचे जंतू हवाबंद जागीच वाढतात. अभिघातज अपतानक असाध्य, हे निदानस्थानातील मत वैद्यबंधूंना नव्याने सांगावयास नको. मलिन व्रण असून धनुर्वात-प्रतिबंधक लस घेऊन पाच वर्षे लोटली असतील, अथवा पूर्वी ती घेतल्याचे स्मरत नसेल, तर रुग्णाने त्याच दिवशी दवाखाना गाठावा, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. मधुमेह आहे काय, हेही विचारावे. मधुमेहींचे व्रण कष्टसाध्य होत.

खर्चाच्या भीतीवर उत्तर देणेही वैद्याचेच काम आहे, कारण घरचे लोक आपलेच ऐकतात. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार कामावर झालेल्या इजेच्या उपचाराचा खर्च मालकाकडे आहे. दुबईने २०१३ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा केला. १ जानेवारी २०२५ पासून ती सक्ती खाजगी क्षेत्रातील कामगारांसाठी सर्व अमिरातींत लागू झाली. सौदीत मालकाला परदेशी कामगाराचाही व्यावसायिक इजेचा विमा भरावा लागतो. मात्र इजा कामावर झाली, याची त्याच वेळी नोंद हवी. खोलीवर बसून लेप लावणाऱ्याकडे कागद नसतो. पुढे बोट आखडले तर भरपाई मागायची कशाच्या आधारे? दवाखान्याची चिठ्ठी, क्ष-किरण चित्र व लसीची नोंद जपून ठेवण्यास सांगावे.

औषधालयचालकांसाठी थोडे अधिक. कोणी गावाकडून निघालेल्या माणसाबरोबर औषध धाडतो म्हणाला, तर बिननावाची पुडी कदापि बांधून देऊ नये. अफू असलेले कर्पूररस व अहिफेनासव आणि भांग असलेले जातीफलादि चूर्ण आखाती देशांत नेणे म्हणजे तुरुंगाला आमंत्रण. अमिरातीत साध्या खसखशीवरही बंदी आहे. रसौषधींविषयीही तारतम्य हवे. २००४ साली बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे अमेरिकी वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर आपल्या शासनाने केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीस १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची चाचणी सक्तीची केली. त्या अहवालात शोधित भस्म आणि भेसळ यांत भेद केलेला नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. पण विमानतळावरील अधिकाऱ्याला तो भेद समजावून सांगण्याची वेळ रुग्णावर का आणावी?

आपले खरे कार्य रुग्ण परतल्यावर सुरू होते. शुद्ध परंतु मंदगतीने भरणाऱ्या व्रणावर जात्यादि घृत, व्रण पूर्ण रुजल्यावर आखडलेल्या सांध्यास तैलाभ्यंग व मृदू स्वेदन, आणि हळूहळू वाढविलेली हालचाल यांचा उपयोग होतो. तत्पूर्वी तेथील कागद वाचावेत. टाके किती, शल्य आत राहिले होते काय, कोणती औषधे चालू आहेत, हे कळल्याखेरीज व्रणबंध सोडू नये.