दिवस संपताना चार ओळी

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो: सध्या कशाला स्कोप आहे? शेजारच्या काकांपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपपर्यंत सगळीकडून उत्तरं येऊ लागतात. कॉलेजांचे कटऑफ, फी, प्लेसमेंटचे आकडे, कुठल्या शाखेला मागणी आहे, हे सगळं आठवडाभरात गोळा होतं. ज्या मुलासाठी ही धावपळ चालली आहे, त्याच्याबद्दलची माहिती मात्र घरात फारशी कुणाकडे नसते. कुठलं काम करताना त्याला कंटाळा येत नाही? गणित अडलं की तो काय करतो? चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये कुठलं काम आपोआप त्याच्या वाट्याला येतं? आई-वडील अंदाज सांगतात. मूल "माहीत नाही" म्हणतं.

ते खरंच बोलत असतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी स्वतःबद्दल ठाम काही सांगता न येणं यात दोष कसला? माहीत व्हायचं तर काही नोंदी हव्यात आणि त्या कुणी ठेवायला सांगितलेल्याच नसतात.

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली होती. समुपदेशकांकडेही अशा चाचण्या होतात. त्यांचा उपयोग आहे, त्या जरूर कराव्यात. पण अशी चाचणी एका दिवसाची असते आणि त्या दिवशी मूल स्वतःबद्दल जे सांगेल, त्यावर तिचा बराचसा निष्कर्ष उभा राहतो. "मला लोकांशी बोलायला आवडतं" या विधानापुढे खूण करताना मनात नुकतंच झालेलं स्नेहसंमेलन असेल तर एक उत्तर येतं आणि घाबरत दिलेली तोंडी परीक्षा असेल तर दुसरं. म्हणून चाचणीच्या जोडीला मी प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक साधी वही मागते. रोज रात्री तिच्यात चार ओळी लिहायच्या, त्याहून जास्त नाही. आठवीपासून सुरुवात झाली तर उत्तमच. बारावीनंतर केली तरी उशीर झालेला नसतो.

काय लिहायचं, हा पहिला प्रश्न. डायरी म्हटलं की मुलं "सकाळी सहाला उठलो, दात घासले" असं सुरू करतात आणि आठवडा संपायच्या आत थांबतात. दुसऱ्या टोकाला असतात सुविचार आणि संकल्प: उद्यापासून मोबाइल बंद. दोन्हींचा पुढे काही उपयोग होत नाही. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात लॉगबुक ठेवावं लागतं आणि रुग्णांच्या, वॉर्डातल्या अनुभवांवर स्वतःचं चिंतनही लिहावं लागतं. त्यासाठी वापरले जाणारे तीन प्रश्न कुणालाही उसने घेता येतील. काय घडलं? त्यातून काय कळलं? आता पुढे काय करीन? डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांकडून हे लिहून घेतात, कारण नुसता अनुभव आला म्हणजे माणूस शिकला असं होत नाही. तोच अनुभव वर्षानुवर्षं घेऊनही काही माणसं होती तिथेच राहतात.

समजा, अकरावी विज्ञानातली एक मुलगी लिहिते, "आज फिजिक्स बोअर झालं." यातून काही हाती लागत नाही. तीच मुलगी जर लिहील, "लॅबमध्ये भिंगाची मापं घेताना तास कधी संपला कळलं नाही. घरी त्याच धड्याची सूत्रं पाठ करायला बसले आणि तीनदा उठले," तर ही नोंद कामाची आहे. विषय तोच आहे, पण हाताने करायचं काम आणि पाठ करायचं काम यांतला फरक तिने टिपला. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की घरात होणारी चर्चा बदलते. "फिजिक्स जमत नाही, मग कॉमर्सला जा" असं म्हणणारे पालक थांबून विचारतात, की उपकरणं हाताळायची कामं कुठल्या शिक्षणात जास्त असतात. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, ऑप्टोमेट्री, वैद्यकीय प्रयोगशाळेतलं तंत्रज्ञान अशी नावं मग पुढे येतात, जी एरवी त्या घरात कुणी उच्चारलीही नसती.

नोंद त्याच दिवशी का करायची, याला एक ठोस कारण आहे. आपली स्मृती निकाल पाहून जुन्या गोष्टी बदलून टाकते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांचा १९७५ चा एक अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर जाणार होते. त्या दौऱ्यांत काय काय घडेल आणि प्रत्येक गोष्टीची शक्यता किती, हे विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घेतलं. दौरे झाल्यावर त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा काय अंदाज दिला होता ते आठवून सांगा. ज्या गोष्टी घडल्या होत्या असं त्यांना वाटत होतं, त्या गोष्टींना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना आठवलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. डोकंच तसं चालतं.

आपल्या घरांत हे रोज घडतं. सीईटीत कमी गुण पडले की "मला आधीच वाटत होतं, हा अभ्यास करत नाहीये" असं वडील म्हणतात. मुलालाही मग आठवतं की आपण वर्षभर काहीच केलं नाही. चांगले गुण पडले असते तर त्याच वर्षाची आठवण दोघांनाही निराळी राहिली असती. अशा आठवणींच्या भरवशावर पुढच्या चार वर्षांचं शिक्षण ठरवणं धोक्याचं आहे. ऑक्टोबरमधल्या एखाद्या मंगळवारी खरोखर काय झालं होतं, हे ऑक्टोबरमध्ये लिहिलेली वहीच सांगते.

बुद्धिबळातली मुलं ही सवय लहानपणीच लावून घेतात. मोठ्या वेळेच्या डावात आपली आणि प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक चाल स्वतः कागदावर लिहावी लागते, तसा नियमच आहे. डाव संपला की तो कागद समोर घेऊन कुठे चुकलं ते शोधायचं, जिंकलेल्या डावातसुद्धा. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्या दिवशीचे तिचे फोटो सगळ्यांनी पाहिले. पण या खेळात वर येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे स्वतःचे डाव पुन्हा उलगडून पाहण्यात गेलेले असंख्य तास असतात. पालकांनी मुलांना खरं तर ते तास दाखवायला हवेत.

परीक्षेच्या तयारीत याचंच रूप म्हणजे चुकांची वही. ती बरेच जण ठेवतात. बहुतेकांच्या वहीत चुकलेला प्रश्न आणि त्याचं बरोबर उत्तर एवढंच असतं. तिथे चूक कुठल्या जातीची होती तेही लिहायला हवं. एक, मला हे येतच नव्हतं. दोन, येत होतं पण ऐन वेळी आठवलं नाही. तीन, प्रश्न नीट वाचला नाही किंवा आकडेमोड चुकली. चार, तुक्का मारला. चारही चुकांमुळे गुण सारखेच जातात, उपाय मात्र वेगवेगळे आहेत. पहिल्या चुकीला धडा पुन्हा शिकावा लागतो. दुसरीला उजळणीची वारंवारता वाढवावी लागते. तिसऱ्या जातीच्या चुका जास्त असलेल्या मुलाला आणखी एक क्लास लावून काही होणार नाही, त्याला वेळ लावून पेपर सोडवण्याचा आणि पुरेशा झोपेचा उपयोग होईल. चौथी चूक नीटमध्ये महाग पडते. तिथे १८० प्रश्नांना ७२० गुण असतात, बरोबर उत्तराला चार मिळतात आणि चुकलेल्याला एक वजा होतो. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथे प्रश्न कोरा सोडणं हीच चूक. दोन्ही परीक्षा देणाऱ्या मुलाच्या वहीत या दोन सवयी वेगळ्या दिसायला हव्यात. सराव परीक्षेनंतर "किती पडले?" या प्रश्नाच्या जागी "कुठल्या जातीच्या चुका जास्त झाल्या?" असं विचारणारे पालक मला फार कमी भेटतात. जे भेटतात, त्यांच्या घरात निकालाची भीती थोडी कमी असते, असं माझं निरीक्षण आहे.

बरोबर आलेल्या उत्तराकडेही वळून पाहावं. जॉर्ज पॉल्या या गणितज्ञाने गणितं कशी सोडवावीत यावर १९४५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्याने चार पायऱ्या सांगितल्या आणि शेवटची पायरी ठेवली ती उत्तर आल्यानंतरची: उत्तर तपासा, दुसऱ्या वाटेने येतं का पाहा, ही युक्ती आणखी कुठे चालेल याचा विचार करा. आपल्या क्लासांत ही पायरी सर्रास गाळली जाते, कारण पुढचा प्रश्न वाट पाहत असतो.

रोज लिहून झालं की रविवारी अर्धा तास आठवड्याची पानं वाचायची. लिहिण्याइतकंच हे वाचणं महत्त्वाचं आहे. एकेका दिवसाची नोंद किरकोळ वाटते, महिनाभराची पानं सलग वाचली की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसते. "शिकवणं" हा शब्द सतत येतोय का? भांडण नेहमी एकाच प्रकारच्या कामावरून होतंय का? ज्या विषयाचं नाव घेऊन आपण सगळ्यांना "माझं पॅशन" सांगतो, त्याचा उल्लेख दोन महिन्यांत एकदाही नाही, असंही होतं. असं दिसलं तर घाबरून जाऊ नये. इतक्या लवकर दिसलं, हे चांगलंच झालं.

इथे एक सावधगिरी हवी. चिंतन आणि चघळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याच विषयावर संशोधन केलं. दुःख पुन्हा पुन्हा उगाळत बसल्याने उदासी लांबते, हे त्यांनी दाखवून दिलं. "माझ्याच बाबतीत असं का होतं?" हा प्रश्न वहीत रोज येऊ लागला तर पेन ठेवून बाहेर चालून यावं. दुसऱ्या दिवशी "काय झालं आणि उद्या मी काय करून पाहीन?" एवढंच लिहावं. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जगणंच नकोसं झाल्यासारखं लिहिलं जात असेल, तर वहीचं काम संपलं. अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि पालकांनीही त्यावर बोललं तरी चालतं.

स्पर्धा परीक्षांच्या मुलांशी मला या वहीविषयी जास्त सविस्तर बोलायचं आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बुद्धी आणि कष्ट कमी नाहीत. तिथे अवघड आहे ते थांबायचं कधी हे ठरवणं. यूपीएससीला खुल्या गटात सहा प्रयत्न आणि ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेला खुल्या गटाची मर्यादा ३८ वर्षांची. म्हणजे वाट पाहायला वाव भरपूर आहे. पूर्व परीक्षा दोन गुणांनी गेली की "पुढच्या वेळी नक्की" असं वाटतं आणि वर्ष जातं. गावाकडून शेतीच्या उत्पन्नातून पैसे येत असतात, म्हणून थांबणं म्हणजे घरच्यांचा विश्वासघात वाटतो. अशा वेळी निकाल हातात असताना घेतलेला निर्णय क्वचितच शांत डोक्याने होतो. म्हणून परीक्षेच्या महिनाभर आधी एका पानावर तारीख घालून लिहून ठेवा: या वेळी मी कुठपर्यंत पोहोचलो तर पुढचा प्रयत्न करीन, कुठे अडलो तर थांबेन आणि थांबलो तर पहिल्या तीन महिन्यांत काय करीन. ते पान एका विश्वासू मित्राला आणि घरातल्या एकाला वाचून दाखवा. निकालानंतर ते पान बदलायचा अधिकार तुम्हाला आहेच. बदललंत तर का बदललं, तेही तिथेच लिहा. सलग तीन वर्षं कारण एकच निघालं, तर ते तुम्हाला तुमच्याच अक्षरात दिसेल.

प्रशिक्षणाला किंवा नोकरीला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे, आयटीआयवाल्यांची अ‍ॅप्रेंटिसशिप आहे, इंजिनीअरिंगच्या मुलांची इंटर्नशिप आहे. तिथला अहवाल शेवटच्या आठवड्यात मित्राच्या फाइलवरून उतरवला की प्रमाणपत्र मिळतं. मुलाखतीत "कामात आलेली एखादी अडचण सांगा" असं विचारल्यावर मात्र काही आठवत नाही. रोज चार ओळी लिहिणाऱ्याकडे असे पंधरा प्रसंग तारखेसह असतात. वर्षअखेरीचा स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरतानाही तेच. इंग्लंडमध्ये तर परिचारिकांना नोंदणी टिकवण्यासाठी दर तीन वर्षांनी आपल्या कामावरचे पाच चिंतनलेख लिहावे लागतात. तिकडे नोकरीचा विचार करणाऱ्या नर्सिंगच्या मुलींनी ही सवय इथेच लावून घ्यावी.

आता पालकांसाठी. मुलाची वही वाचू नका. तो घरी नसताना, काळजीपोटी, फक्त एक पान, असंही नको. एकदा वाचली गेली की पुढची पानं तुम्हाला दाखवण्यासाठी लिहिली जातात आणि वहीचा उपयोग तिथेच संपतो. महिन्यातून एकदा त्याला म्हणा, "तुला वाटतं ते एखादं पान आम्हाला वाचून दाखव." वाचून झाल्यावर सल्ला देण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा. जिवाला धोका आहे असं वाटण्याजोगं काही दिसलं, तर मात्र आडपडदा न ठेवता सरळ बोला.

आणि तुमची स्वतःची वही सुरू करा. घरखर्च तुम्ही लिहिता, तसंच आज जेवताना मुलाशी काय बोललो तेही लिहा. कुणाच्या मुलाशी तुलना केली? "तुझ्यासाठीच करतोय हे सगळं" हे वाक्य या आठवड्यात किती वेळा आलं? लाखो रुपयांची फी भरायचं ठरतं किंवा शैक्षणिक कर्ज घ्यायचं नक्की होतं, त्या रात्री हा निर्णय कशामुळे घेतला ते प्रामाणिकपणे उतरवा. मुलाच्या आवडीमुळे, नातेवाइकांच्या तोंडामुळे, की आपल्याला इंजिनीअर होता आलं नाही म्हणून? कर्जाचे हप्ते सहसा शिक्षण संपल्यावर वर्षभरात सुरू होतात आणि ते मुलाच्याच पगारातून जाणार असतात. मग हे पान त्याला वाचून दाखवा, सही करण्याच्या आधी.