पक्ष्याची साक्ष

विद्यार्थी मित्रांनो, पृथ्वी गोल आहे हे तुम्ही भूगोलात शिकलात. पण "कशावरून?" असे कोणी विचारले तर काय उत्तर द्याल? 'पुस्तकात लिहिले आहे' एवढे सांगून भागणार नाही. पुरावा द्यावा लागेल.

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने असा पुरावा दिला होता. चंद्रग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. तिची कड नेहमी गोलाकार असते. अल्-बेरुनीने तर डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. तरीही आज काही लोक पृथ्वी थाळीसारखी सपाट आहे असे मानतात. त्यांच्या नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी असतो आणि अंटार्क्टिका थाळीच्या काठासारखी सभोवार पसरलेली असते.

आता एका पक्ष्याला साक्षीला बोलावू. करड्या डोक्याचा अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी दक्षिण अटलांटिक महासागरात, दक्षिण जॉर्जियाजवळच्या एका बेटावर घरटे करतो. पिल्लू मोठे झाले की तो दूर समुद्रावर निघून जातो. कोठे? हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी काही पक्ष्यांच्या पायांना छोटे यंत्र बांधले. ते उजेडाची नोंद ठेवी. सूर्य केव्हा उगवला व मावळला, यावरून पक्ष्याचे ठिकाण कळे. हे संशोधन 2005 साली प्रसिद्ध झाले. कित्येक पक्ष्यांनी अंटार्क्टिकाभोवती पूर्ण फेरी मारली होती. सर्वांत वेगवान पक्ष्याला फक्त 46 दिवस लागले!

आता हिशेब करू. गोल पृथ्वीवर 50 अंश दक्षिण अक्षवृत्ताची लांबी सुमारे 25,700 किलोमीटर आहे. म्हणजे रोज सुमारे 560 किलोमीटर. वाऱ्यावर तरंगणाऱ्या अल्बट्रॉसला हे जमते. पण सपाट नकाशावर हेच वर्तुळ सुमारे 98,000 किलोमीटरचे होते. मग रोज 2,100 किलोमीटर उडावे लागेल. म्हणजे रात्रंदिवस, क्षणभरही न थांबता, ताशी सुमारे 88 किलोमीटर! हा पक्षी तर वाटेत पाण्यावर उतरतो, भक्ष्य पकडतो, विसावा घेतो. मग कोणता नकाशा खरा, हे तुम्हीच सांगा.

मित्रांनो, आवाज चढवून वाद मिटत नाही. कोणी चुकत असेल तर त्याला हसू नका. वही-पेन्सिल घ्या आणि त्याच्याबरोबर बसून हिशेब करा.

शब्दार्थ
साक्ष – पाहिलेल्या गोष्टीबद्दल दिलेली ग्वाही
सभोवार – चारही बाजूंना
भक्ष्य – खाण्यासाठी पकडलेला प्राणी
विसावा – विश्रांती

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चंद्रग्रहणात पृथ्वीच्या सावलीची कड कशी दिसते?
(आ) पक्ष्याच्या पायाला बांधलेले यंत्र कशाची नोंद ठेवी?
2. कारण लिहा : सपाट नकाशावर अल्बट्रॉसची फेरी 46 दिवसांत पूर्ण होणार नाही.
3. 'आवाज चढवणे' हा वाक्प्रचार वापरून वाक्य तयार करा.