मुष्टियुद्धाचा शिक्षक

वाशिमकडील मुलांस आखाडा परिचित आहे. परंतु कुस्तीचा वस्ताद मुष्टियुद्ध शिकवीलच असे नाही. मातीत वाढलेल्या खाशाबा जाधवांसही १९४८ साली लंडनला गादीवरील कुस्ती नव्याने शिकावी लागली. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले.

म्हणून पालकहो, शिक्षकाची पदके मोजू नका. न कळविता एका सायंकाळी जाऊन पाहा. नवख्या मुलास तो प्रथम पाय टाकणे व हनुवटी झाकणे शिकवितो, की पहिल्याच आठवड्यात थोराड गड्यापुढे उभे करितो? डोक्यास मार लागून मुलास भोवळ आली, तर त्या दिवशी पुन्हा हातमोजे चढवू न देता त्यास डॉक्टरांकडे धाडितो काय? असा शिक्षक आढळल्यास मुलाचे, आणि मुलीचेही, नाव खुशाल घालावे.