विसरणाऱ्यांचें पुनर्वसन

पुनर्वसन हा शब्द कानीं पडतांच धरणाखालीं बुडालेलीं गांवें आठवतात. वैद्यकांत त्याचा अर्थ निराळा आहे: दुखण्यामुळें जें काम सुटलें, तें होईल तितकें पुन्हा माणसाच्या हातीं आणून देणें. पाय मोडलेल्यास पुन्हा चालावयास शिकविणें सर्वांस पटतें. पण ज्याची स्मृतीच ढळत चालली, त्यास काय शिकवावें, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें ह्या समजुतीनें फार नुकसान होतें.

स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे; तो मेंदूच्या रोगानें होतो. त्याच्या बहुतेक प्रकारांस बरें करणारें औषध अद्याप नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु सर्व शक्ति एकदम जात नाहींत. काल घरीं कोण आलें होतें, हें म्हातारीस सांगतां येणार नाहीं. तरी भाकरी थापणें, तांदूळ निवडणें, अशीं जन्मभर हातांत बसलेलीं कामें पुष्कळदा बरेच दिवस टिकतात. सून मायेनें म्हणते, “आत्याबाई, तुम्ही बसा, मी करतें,” आणि टिकलेलें कामहि सुटतें.

मग करावें काय? प्रथम तिलाच विचारावें कीं, कोणतें काम पुन्हा स्वतः करावेंसें वाटतें? ती चहा म्हणाली तर चहाच धरावा. जवळ उभें राहून हात कोठें अडतो तें पाहावें. बहुधा सबंध काम विसरलेलें नसतें; साखरेचा डबा सांपडत नाहीं, किंवा दूध घातलें कीं नाहीं हें ध्यानांत राहत नाहीं, एवढेंच. तर डबे समोर, लागतील त्या क्रमानें मांडावे. अडल्यास “आठवा पाहूं” असें म्हणूं नये. (ही परीक्षा घरोघर चालते, आणि म्हातारें माणूस रडकुंडीस येतें.) चुकीचें उत्तरहि मनांत ठसतें, म्हणून पुढली पायरी लागलीच सांगावी, व रोज त्याच रीतीनें काम करवावें. विस्तवाजवळ मात्र एकटें सोडूं नये.

इंग्लंड व वेल्स येथें रोग सौम्य किंवा मध्यम असलेल्या ४७५ जणांना घेऊन ह्या रीतीची पारख झाली. सुमारें निम्म्यांस हें शिक्षण दिलें. २०१९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. निवडलेल्या कामांत सुधारणा झाली, ती नऊ महिन्यांनींहि दिसली. स्मरणशक्ति मात्र वाढली नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं पुनर्वसनाच्या उपायांत स्मृतिभ्रंशाचाहि समावेश केला.

एक भेद ध्यानांत असावा. एकदोन दिवसांतच एकाएकीं जो भ्रमिष्ट होतो, त्यास हा पाठ लागू नाहीं. ताप, अंगांतलें पाणी कमी होणें किंवा एखादें औषध हें त्याचें कारण असूं शकतें. त्यास तत्काळ दवाखान्यांत न्यावें.